एका पत्त्यावरचे दोन बिबटे

लहानपणी मला एकच काम होतं, आणि ते मला झकास जमायचं: बोलणं.

आई उसाला पाणी भरायला निघाली की मला बरोबर घ्यायची, बांधावर बसवायची आणि सांगायची, "चैतू, तुपली बडबड सुरू कर." आमच्याकडे तुझी-माझी नसतं, तुपली-मपली असतं. मग मी शाळेतली भांडणं, पाढे, कविता, स्वप्नात आलेला उंट, सगळं ओळीनं ओतायचे. आई आत उसात दारं धरत असायची, म्हणजे एका सरीचं पाणी अडवून दुसरीला सोडत असायची, आणि मधूनच "हं, मग?" म्हणायची. ती ऐकत नसायची हे मला ठाऊक होतं. ऐकणारा दुसराच होता. माणसाचा आवाज आला की बिबट्या आपणहून वाट बदलतो. म्हणून उसात एकटं जायचं नाही आणि गप्प तर मुळीच जायचं नाही, ही आमच्या सावरदरा गावची रीत होती. कोणी रेडिओ न्यायचं, कोणी अभंग म्हणायचं, दोन जावा असल्या की तिसऱ्या जावेच्या चुगल्या चालायच्या. आईकडे मी होते.

मग पट्टे आले.

आमच्या डोंगरातल्या बिबट मादीच्या, म्हणजे बिजलीच्या गळ्यात आता एक पट्टा आहे. ती कुठे आहे हे तो उपग्रहाकडून समजून घेतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढे दोन भोंगे आहेत. त्यांतून इतका बारीक सूर निघतो की आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही, पण बिबट्याला येतो आणि अजिबात आवडत नाही. सूर पश्चिमेच्या बाजूने वाजला की बिबट्या पूर्वेला सरकतो, पूर्वेने वाजला की पश्चिमेला. ना पिंजरा, ना बंदूक. नुसतं कानात कुजबुजून गावापासून लांब ठेवायचं.

कुजबुज कुठून येते? गावातल्या पाण्याच्या टाकीवर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात साबणाच्या डबीएवढा लिनक्सवर चालणारा संगणक. तो बिजलीचा ठावठिकाणा टॉवरमार्फत तालुक्याच्या बिबट्या केंद्राला कळवतो, केंद्रातला मोठा संगणक गणित करून कोणत्या बाजूने सूर वाजवायचा ते सांगतो, डबा तो हुकूम पट्ट्याला देतो. गावातल्या प्रत्येक फोनवर एक नकाशा असतो. हिरवा असला तर खुशाल फिरा, लाल झाला तर घरात बसा.

या डब्याची देखभाल आमच्या शाळेकडे आली, आणि दहावीतून 'पट्टा ड्यूटी'साठी माझी निवड झाली. मी! चैत्राली डुंबरे, जिला आठवीपर्यंत बडबडीसाठी वर्गाबाहेर उभं करायचे! दिवाळीत एकदा डबा बंद पडला, तो मी एकटीने सुरू केला. तेव्हापासून शेजारच्या काकूसुद्धा फोन बिघडला की "चैत्राली मॅडम" म्हणत दारात येतात.

फक्त आईला माझी गरज उरली नव्हती. "आता कशाला येतेस? नकाशा हिरवा हाय. तू अभ्यास कर," ती म्हणायची, अगदी मायेनं. आणि एकटी, गप्पपणे उसात शिरायची. सगळं गावच गप्प झालं होतं.

त्या दिवशी गावात कोणी नव्हतंच म्हणा ना. शेजारच्या खडकमाळला त्यांच्या नव्या डब्याचं उद्घाटन होतं. जेवण होतं, त्यामुळे अख्खं सावरदरा तिकडे लोटलं होतं, माझ्या पप्पांसकट. सावरदरा आणि खडकमाळ यांचं जन्माचं हाडवैर. आमच्या कमानीला दोन सिंह, तर त्यांच्या कमानीला चार. आम्हाला डबा मिळाल्यापासून त्यांना झोप नव्हती. त्यांच्या सरपंचांनी कंपनीला बजावून सांगितलं होतं, "सावरदऱ्यासारखा सेम टू सेम पाहिजे. एक स्क्रू कमी चालणार नाही." त्यांच्याही बिबट्याला पट्टा घातला होता. नाव सुभेदार. बघा म्हणजे!

आई मात्र गेली नाही. त्या दिवशी मोटारीला दिवसाची लाइट होती, एरवी ती रात्रीच येते, आणि दिवसाची लाइट सोडून कोणी जेवायला जात नसतं.

मी शाळेच्या संगणक खोलीत ड्यूटीवर होते. आमच्या विज्ञानाच्या शेटे बाई कोपऱ्यात पेपर तपासत होत्या. दुपार कलली होती. नकाशा हिरवागार. बिजलीचा ठिपका डोंगराच्या माथ्यावर.

फोन वाजला. नाझनीन. आम्ही बालवाडीपासूनच्या मैत्रिणी, ती खडकमाळची असूनसुद्धा.

"चैत्रे, आधी बस. बसलीस?"

"बसलेलीच आहे. बोल की."

"आमच्या नव्या स्क्रीनवरचा पडदा ओढला ना, तर वर काय लिहिलेलं? 'ग्रामपंचायत सावरदरा आपले हार्दिक स्वागत करीत आहे'!"

"काय!"

"सरपंचांच्या हातात नारळ तसाच! तोंड असं झालंय, जसं काही नारळ त्यांच्याच डोक्यावर फुटला. तुझे पप्पा पोट धरून हसतायत. अब्बू म्हणाले, चला, आमचा सुभेदार सावरदऱ्याचा घरजावई झाला."

मी इतकी हसले की शेटे बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग कंपनीचा माणूस काय म्हणतोय?"

"तो उलटा आमच्यावरच भडकला. म्हणाला, सेम टू सेम तुम्हीच मागितलं ना? मग मी सावरदऱ्याच्या डब्यातल्या मेमरी कार्डाची नक्कल करून घातली. आता स्क्रू मोजून घ्या. सकाळी डबा लावला आणि गेला निघून, फोनवर भांडतोय."

मी हसत होते. आणि हसता हसता एकदम थांबले.

कार्डाची नक्कल.

हे नीट सांगते, कारण सगळं यातच आहे. माझी मावसबहीण हॉस्टेलला राहते. तिथल्या मुली बाहेर पत्र पाठवतात तेव्हा पाकिटावर पत्ता एकच, हॉस्टेलचा. कोणतं पत्र कोणत्या खोलीतून गेलं, हे रेक्टर बाई मनात ठेवतात, आणि उत्तर आलं की बरोबर त्या खोलीत देतात. आमच्या दोन्ही गावांचा टॉवर एकच, आणि त्याच्यावरचं यंत्र अगदी हेच करतं. आतल्या डब्यांचे पत्ते बदलून बाहेर एकच पत्ता दाखवायचा, आलेलं उत्तर ज्याचं त्याला परत द्यायचं. आता समजा, हॉस्टेलात दोन मुली आल्या. दोघींचं नाव चैत्राली डुंबरे, दोघींची खोली तीच, सही तीच. रेक्टर काय करणार? जी शेवटी समोर दिसली तिच्या हातात पत्र देणार.

डब्याचा पत्ता कार्डात असतो. डब्याची गुप्त सहीसुद्धा कार्डातच. आणि आमच्या कार्डात बिबट्याचं नाव बिजली नाही, फक्त 'एक नंबर' आहे. नक्कल केल्यावर सुभेदारही एक नंबर झाला.

"चैत्रे? आहेस का?"

"नाझ, फोन ठेवू नको."

मी ठिपक्याकडे पाहिलं. तो सकाळपासून जागचा हलला नव्हता. झोपलेला बिबट्यासुद्धा कूस बदलतो, सावलीबरोबर सरकतो. हा गोठल्यासारखा होता. मग आठवलं. केंद्राचा संगणक अशक्य उड्या फेकून देतो. एक नंबर आत्ता आमच्या डोंगरावर आणि पुढच्या क्षणी खडकमाळच्या ओढ्यात, असं दिसलं की तो समजतो, उपग्रहाची चूक, आणि जुना ठिपका तसाच ठेवतो. नकाशा हिरवाच राहतो, पण सुराचे हुकूम थांबत नाहीत.

मी थेट आमच्या डब्यात शिरले आणि सकाळपासून आलेले हुकूम उघडले.

एक नंबर: पश्चिमेचा सूर. एक नंबर: पश्चिमेचा सूर. पुन्हा. पुन्हा. खाली खालीपर्यंत तेच.

खडकमाळची वस्ती त्यांच्या रानाच्या पश्चिमेला आहे. सुभेदाराला पूर्वेला ढकलणं अगदी बरोबर होतं. पण तो हुकूम आमच्या डब्याला मिळत होता, आणि आमची वस्ती डोंगराच्या पूर्वेला आहे. सकाळपासून कोणीतरी बिजलीच्या कानात कुजबुजत तिला एकेक पाऊल आमच्याकडे आणत होतं. कुठेही लाल दिवा नव्हता. पत्ता बरोबर, सही बरोबर, हुकूम बरोबर. सगळं बरोबर होतं!

डब्यातला बिजलीचा कच्चा ठावठिकाणा, जो केंद्र चूक समजून फेकून देत होतं, तो मी नकाशावर टाकला. घाईत आकडे दोनदा चुकले.

डुंबरे मळा. आमचा ऊस. बरोबर मधोमध.

"बाई," मी म्हणाले. "बाई! माझी आई तिथे आहे."

शेटे बाई उठून आल्या. त्यांना दोन वाक्यांत कळलं. त्यांनी केंद्राला फोन लावला, तिकडून 'कृपया थांबा' म्हणून बासरी वाजायला लागली. मी आईला लावला. ती फोन विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खुंटीला अडकवते. तिथेच वाजत राहिला असणार, एकटाच.

"चैत्रे, मी काय करू? डब्याची वायर ओढू?" नाझनीन अजून फोनवर होती. तिच्या मागे ताटांचा, हसण्याचा आवाज येत होता.

तिने वायर ओढली असती तर आमचा डबा सुधारला असता. पण तिकडे मांडवात दोन गावं जेवायला बसली होती, आणि सुभेदाराला मग कोणीच आवरणार नव्हतं.

"नको, तुमचा राहू दे. मीच आमचा तोडते. लोकांना सांग, रानाकडे कोणी जाऊ नका."

डब्याच्या दारात एक राखणदार असतो, फायरवॉल. त्याच्याकडे नियमांची यादी असते आणि तो ती वरून खाली वाचतो. जो नियम आधी लागू पडेल तोच पाळतो, पुढचं वाचतसुद्धा नाही. मी केंद्राकडे जाणारा आणि केंद्राकडून येणारा, दोन्ही रस्ते बंद केले. पश्चिमेचा सूर थांबला. आता बिजलीच्या कानाशी बोलणारं कोणी नव्हतं. मलाच बोलायचं होतं, पण राखणदार केंद्राशिवाय कोणाचाच हुकूम आत सोडत नव्हता. म्हणून मी नवा नियम लिहिला: शाळेच्या संगणकाला आत येऊ दे.

चाचणीचा एक निरोप पाठवला. काही नाही. पुन्हा पाठवला. काही नाही. प्रत्येक नियमासमोर एक आकडा असतो, त्या नियमाने किती निरोप हाताळले त्याचा. माझ्या नियमासमोर शून्य. त्याच्या वरच्या 'बाकी सगळ्यांना हाकला' या नियमासमोरचा आकडा मात्र वाढत होता.

"का जात नाहीये? नियम तर बरोबर आहे, बाई, बरोबर आहे!" मी रडत होते, आणि टाइप करत होते.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुठे लिहिलास?"

तळाला! मी नियम यादीच्या तळाला जोडला होता. राखणदार तिथपर्यंत वाचतच नव्हता. मी तो पुसला, सगळ्यात वर घातला आणि निरोप पुन्हा पाठवला. शून्याचा एक झाला. दार उघडलं.

आता बाजू. मी डोळे मिटून शेत आठवलं. विहीर आणि मोटार पश्चिमेला. पाणी विहिरीकडून सुरू होतं आणि सरी-सरीने ओढ्याकडे जातं. एवढ्या वेळात आई ओढ्याकडच्या टोकाला, पूर्वेला पोचलेली असणार. बिजली मधे. म्हणजे पूर्वेचा सूर वाजवायचा, बिजली पश्चिमेला जाईल, डोंगराकडे. आईपासून लांब.

बोट बटणावर ठेवलं, आणि लाइट गेली.

संगणक बॅटरीवर होता, तो चालू राहिला. फक्त पंखा घरघरत थांबला. मग लगेच लाइट परत आली आणि पंखा फिरायला लागला. बाई म्हणाल्या, "आली, आली, दाब!"

पण मी दाबू शकले नाही. आमची मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो जळलाय. लाइट गेली की मोटार बंद पडते, आणि ती सुरू करायला आईला ओढ्यापासून विहिरीपर्यंत यावं लागतं. उसाच्या मधल्या वाटेने. म्हणजे आई आत्ता पश्चिमेला निघाली होती. तिने किती वाट कापली, ती बिजलीच्या अलीकडे की पलीकडे, मला काहीच कळणार नव्हतं. मी पूर्वेचा सूर वाजवला आणि आई पुढे निघून आलेली असली तर बिजलीला मीच तिच्या अंगावर ढकलणार होते.

दोन्ही बाजू चूक. आणि काहीच न करणंही चूक.

तेवढ्यात यादीत खाली एक हुकूम दिसला, जो आम्ही कधी वापरलाच नव्हता. शोधघंटी. पट्टा गळून गवतात पडला तर माणसांना सापडावा म्हणून वाजणारी. माणसांना ऐकू येणारी.

मी ती दाबली.

"बाई, तुमची स्कूटर!"

बाईंनी स्कूटर गावातून सुसाट सोडली. गाव असं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. मळ्याच्या बांधाशी बाईंनी स्कूटर बंद केली, आणि ते ऐकू आलं. उसाच्या आतून, बारीक, सारखं: टीं टीं टीं टीं.

"आई!"

ऊस माझ्या दुप्पट उंच, आत दोन हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. पानं हलत होती, पण वाऱ्याने की कशाने? टीं टीं थांबून थांबून सरकत होतं. बाईंनी स्कूटरच्या हॉर्नकडे हात नेला आणि मी तो धरला. एकदम दचकली तर बिजली कुठेही उडी घेईल. मला माहीत होतं काय करायचं ते. मला ते पाच वर्षांची असल्यापासून माहीत होतं.

मी बोलायला लागले.

"तर राखणदार यादी वरून खाली वाचतो, आई, वरून खाली, आणि मी नियम तळाला लिहिला, किती बावळट बघ, आणि त्यांच्या सरपंचांच्या हातात नारळ तसाच राहिला, पप्पा एवढे हसले, आणि बेडकाला तीन कप्प्यांचं हृदय असतं, आपल्याला चार, माझे चारही आत्ता..." मी आवाज सारखा ठेवला. ओरडायचं नाही, थांबायचं नाही. बिजलीला कळू दे मी कुठे आहे. तिला वाट निवडायला वेळ मिळू दे.

टीं टीं थांबलं. म्हणजे सरकायचं थांबलं, एकाच जागी वाजत राहिलं. माझ्या समोर, अगदी जवळ. उसाच्या दोन बुंध्यांमध्ये काहीतरी पिवळं होतं. वाळलेलं पान असेल. मी त्याच्याकडे न बघता बोलत राहिले.

आणि त्याच्या पलीकडून, अगदी खालच्या सुरात, आईचा आवाज आला.

"चैतू. तुपलं चालू ठेव."

मी चालू ठेवलं. तेराचा पाढा म्हटला. स्वप्नातला उंट पुन्हा सांगितला. पिवळं पान वळलं, त्याला ठिपके होते, आणि ते विहिरीच्या बाजूने, डोंगराकडे निघून गेलं. टीं टीं बारीक होत गेलं. बांधापलीकडे गेल्यावर ऐकू येईनासं झालं तरी मी बोलत होते. शेवटी बाईंनी माझ्या तोंडावर हळूच हात ठेवला.

आई सरीतून बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, एकाच पायात चप्पल, हातात फावडं घट्ट धरलेलं. मी तिला मिठी मारली तर ती फावडं सोडेचना.

"मला वाटलं मोटारीचा स्टार्टर बोंबलतोय," ती म्हणाली. "म्हणून त्याच्याकडंच चालले होते. सरळ. मग तो स्टार्टर चालायला लागला."

ती हसायला गेली आणि तिचे दात वाजायला लागले. मी शोधघंटी दाबली नसती तर? दाबली म्हणून ती तिकडे चालली. दोन्ही खरं आहे. मी हे कितीदा मनात फिरवलंय.

केंद्राच्या माणसांनी अंधार पडायच्या आत घंटी बंद केली, नाहीतर बिजली उपाशी मेली असती; वाजत वाजत शिकार कोण करणार? खडकमाळला नवं कार्ड मिळालं, नवा पत्ता, नवी सही. त्यांच्या सरपंचांनी आता चौकशी केलीय म्हणे, आमच्याहून मोठा पत्ता मिळेल का. नाझनीनने हे सांगितलं तेव्हा मी बऱ्याच दिवसांनी खळखळून हसले.

नकाशा पुन्हा चालतो. ठिपका हलतो, मी रोज तपासते. तो हिरवा आहे, आणि या वेळी खरंच हिरवा आहे.

काल दिवसाची लाइट होती. आईने फावडं घेतलं, चप्पल घातली, आणि दारात थांबली. फोनवरच्या नकाशाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"येतेस?"

मी बांधावर बसले. ती उसात शिरली, दोन सरींतच दिसेनाशी झाली. मी तिला पूर्वपरीक्षेच्या पेपरबद्दल सांगत होते. सांगता सांगता वाऱ्याने पानं वाजली. मी थांबले आणि कान दिला.

आतून आईचा आवाज लगेच आला, घाबरलेला.

"चैतू? बोल. बोल ना."